चौदाव्या अक्षांशापलीकडची तारली

बंगळूरला समुद्र नाही. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, आणि घाट उतरून मंगळूरचा धक्का गाठायचा तर साडेतीनशे किलोमीटर. तरीही शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात पहाटे मासळीच्या बाजूला गेले की मला वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभी असल्यासारखे वाटते. थर्माकोलच्या पेट्यांवरची चिकटपट्टी टराटरा निघते, बर्फाचा चुरा ओट्यावर सांडतो, पायाखालची फरशी ओली होत जाते. मल्पे, मंगळूर, कारवारहून रात्रभर घाट चढून आलेला माल इथे उघडतो. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा मी आधी मासळीची नावे शिकले आणि मग कन्नड. सुरमईला अंजल, पापलेटला मांजी, मुडदुशीला काणे, बांगड्याला बंगुडे. आणि तारलीला बुताय. केरळचे गिऱ्हाईक ओट्यापाशी आले की तीच तारली ‘मत्ती’ होते.

माझा मासेवाला मल्प्याचा. मी त्याला अण्णा म्हणते, तो मला अक्का. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. मी एक किलो बुताय मागितली, तर त्याने वजन करायच्या आधी त्यातली एक उचलली, अंगठ्याच्या नखाने पोटाकडून फाडली आणि माझ्यासमोर धरली. तारलीचे खवले नुसत्या बोटानेसुद्धा निघून येतात, ते त्याच्या मनगटापर्यंत चांदीच्या टिकल्यांसारखे चिकटले होते. चांगल्या तारलीच्या पोटात आतून पांढरट चरबीची साय असते. तव्यावर टाकली की तिला वेगळे तेल लागत नाही, तिचेच तेल सुटते. त्या दिवशी पोटाची कड कागदासारखी पातळ होती, पलीकडचे बोट दिसत होते. “ही उपाशी आहे अक्का,” तो म्हणाला. “हिला खायला मिळालेलं नाही.”

मी बांगडे घेऊन घरी आले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. समुद्रात मासा उपाशी कसा राहील? या एका प्रश्नाच्या मागे मी गेली काही वर्षे लागले आहे. जे कळले ते मांडते. यातले बरेचसे काम आपल्याच किनाऱ्यावर आणि आपल्याच शहरांत झाले आहे, आणि ते मराठीत फारसे कोणी सांगितलेले नाही.

नकाशा काढून बसा. बंगळूर आणि मंगळूर दोन्ही साधारण १३ अंश उत्तर अक्षांशावर येतात. एक अंश वर सरकलात की भटकळ, तिथून १४ अंशांची रेषा जाते. तिच्या उत्तरेला होन्नावर, कारवार, गोवा, वेंगुर्ले, मालवण, रत्नागिरी, मुंबई आणि २० अंशांच्या आसपास डहाणू. म्हणजे १४ ते २० अंश हा पट्टा म्हणजे कोकणी-मराठी बोलणारा जवळजवळ सगळा किनारा.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ ई. विवेकानंदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या मासळी उतरण्याच्या नोंदी अक्षांशांनुसार लावून पाहिल्या. ही संस्था १९४७ सालची. तिची माणसे वर्षानुवर्षे धक्क्यांवर उभी राहून कोणत्या होडीतून कोणती मासळी किती उतरली ते लिहून घेतात. पावसात, उन्हात, पाट्यांच्या गर्दीत उभे राहून केलेल्या या मोजदादीबद्दल मला फार आदर आहे. तिच्याशिवाय पुढचे काहीच कळले नसते. त्या नोंदींत असे दिसले की १९८५ पूर्वी तारली जवळपास सगळीच्या सगळी मलबारच्या बाजूला, म्हणजे साधारण ८ ते १४ अंशांच्या दरम्यान मिळत असे. १४ अंशांच्या वर ती अगदी थोडी किंवा नाहीच. त्यानंतरच्या दोन दशकांत वरच्या पट्ट्यातली तारली वाढत गेली, आणि २००६ साली देशातल्या एकूण तारलीपैकी सुमारे १५ टक्के १४ ते २० अंशांमध्ये सापडली. पूर्व किनाऱ्यावरही तिने हेच केले, तमिळनाडूकडून आंध्रच्या दिशेने ती वर गेली.

हे वाचले तेव्हा मला आमचे घर आठवले. लहानपणी आमच्याकडे पेडवे येत, पण मोठी तेलकट तारली टोपली भरून आली की आजी म्हणायची, “खयसून इली ही इतकी?” कुठून आली ही एवढी, हा प्रश्न ती कोणाला उद्देशून विचारत नसे. तिच्या प्रश्नाचे उत्तर कोचीच्या एका तक्त्यात मिळेल असे मला कधी वाटले नव्हते.

तारली वर का आली? याच अभ्यासानुसार १९६० ते २००५ या काळात पश्चिम किनाऱ्याजवळचे पृष्ठभागाचे पाणी सरासरी ०.२ अंश सेल्सिअसने तापले. ऐकायला हे काहीच नाही. पण माशाचे रक्त पाण्याबरोबर तापते आणि पाण्याबरोबर निवते, त्याला आपल्यासारखी अंगातली भट्टी नाही. तारलीला २७ ते २९ अंशांचे पाणी मानवते. पूर्वी तिच्या सोयीचे नसलेले उत्तरेचे पाणी त्या हद्दीत येऊ लागले, आणि मासा त्या हद्दीबरोबर सरकला.

या २८ अंशांच्या आसपासच्या आकड्याचा बंगळूरशी एक जुना संबंध आहे, आणि तो एका मराठी बाईंमुळे. सुलोचना गाडगीळ पुण्याच्या. हार्वर्डहून पीएच. डी. करून परतल्या, काही काळ पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत होत्या आणि १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. तिथल्या वातावरण आणि महासागर विज्ञानाच्या केंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९८४ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ‘नेचर’मध्ये एक लेख लिहिला. समुद्राचा पृष्ठभाग किती तापला की त्यावर पावसाचे मोठे ढग उभे राहतात, हा त्याचा विषय. साधारण २८ अंशांखाली पाणी जितके गरम तितके ढग अधिक. तो उंबरठा ओलांडला की मात्र पाणी आणखी तापले म्हणून ढग त्या प्रमाणात वाढतातच असे नाही. मान्सूनच्या अभ्यासात हा उंबरठा आज पायाभूत मानला जातो. २०२५च्या जुलैत सुलोचनाबाई गेल्या. मासळीच्या ओट्यावर उभी असताना मला त्यांचा २८ अंशांचा उंबरठा आठवतो. पावसाचे ढग आणि तारलीचा थवा, दोघांचे बरेचसे गणित एकाच आकड्याच्या आसपास फिरते.

मग उपाशी तारलीचे काय? तिच्यासाठी गरम पाणी ही अर्धीच गोष्ट आहे. मान्सूनचे वारे मलबार आणि कर्नाटकच्या किनाऱ्याला समांतर वाहतात तेव्हा वरचे पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला तळाचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती, विशेषतः डायटम, पिकासारख्या उगवतात. तारली त्यावर चरते, त्याच दिवसांत अंडी घालते आणि पुढे चरबीने भरते. आता वरचा थर जितका तापेल तितका तो हलका होऊन खालच्या पाण्यावर झाकणासारखा बसतो. खत वर येत नाही, शेत उगवत नाही. पुण्याच्या याच हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले की पश्चिम हिंदी महासागरातली ही सूक्ष्म वनस्पती गेल्या सहा दशकांत काही भागांत २० टक्क्यांपर्यंत घटली आहे.

अण्णाने फाडलेली ती तारली याच सुमाराची होती. २०१५-१६ मध्ये प्रशांत महासागरात मोठा एल निनो होता आणि इकडचे पाणीही तापले होते. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली उतरली होती, २०१६ साली ती सुमारे ४६ हजार टनांवर आली. २०२१ साली तर केवळ ३,२९७ टन. चाळा-मत्ती हे ज्या घरांचे रोजचे जेवण, तिथे एखाद्या दिवशी भात नसावा तसे झाले असणार. त्यानंतर ती परतली: २०२३ साली १ लाख ३८ हजार टन, २०२४ साली त्याहून थोडी जास्त. परतलेले मासे मात्र आकाराने खुंटलेले होते. पिल्ले एकदम फार झाली आणि तेवढ्यांना खायला पुरले नाही, असे कोचीच्या संस्थेने सांगितले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण प्रत्येक रिकाम्या जाळ्याचा दोष हवामानावर टाकण्याची सवय लागते आहे, आणि ती आपल्या अंगाशी येईल. तारली जेमतेम अडीच वर्षे जगते. तिच्या संख्येत चढउतार जुनेच आहेत. इंग्रजांच्या काळातही ती काही वर्षे नाहीशी झाली होती, १९९४ सालीही घसरली होती. त्यात माणसाने भर घातली. कर्नाटकात पूर्वी रंपण असे, आपल्याकडची रापण: गावची माणसे दोन्ही टोकांनी दोर धरून किनाऱ्यावर ओढत, आणि मिळकतीचे वाटे ठरलेले असत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक पर्ससीन आली आणि काही वर्षांतच रंपण मागे पडली. पर्ससीन थव्याला चहूबाजूंनी वेढून खालून पिशवीसारखी आवळते. आई, पिल्लू, काही सुटत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर कडक मर्यादा घातल्या. तापणाऱ्या पाण्यात आधीच दमलेल्या माशाला आपण विसावा देतो की नाही, हे आपल्या हातात आहे. मला वाटते, समुद्राच्या तापमानापेक्षा या गोष्टीवर आपण जास्त भांडले पाहिजे, कारण इथे भांडण जिंकता येते.

बांगड्याची कथा वेगळी. तो उत्तरेला तर गेलाच, पण खालीही गेला. बांगडा पृष्ठभागाजवळ थव्याने फिरणारा मासा, तो वरच्या जाळ्यांत सापडायचा. १९८५ ते ८९ या काळात बांगड्यापैकी जेमतेम २ टक्के तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांना मिळे. २००३ ते २००७ या काळात हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर गेले. वर ऊन लागते म्हणून तो खालच्या गारव्यात उतरू लागला, असा त्याचा अर्थ लावला गेला. चेन्नईच्या समुद्रात राणी माशाने आणखी एक तोड काढली. तो जागा सोडून गेला नाही, अंडी घालायचा हंगाम उन्हाळ्याकडून थंडीच्या महिन्यांकडे सरकवला. एकाने पत्ता बदलला, दुसरा तळमजल्यावर गेला, तिसऱ्याने पंचांग बदलले.

आणि काही नवेही आले. मल्पे-मंगळूरच्या धक्क्यांवर काळसर निळ्या अंगाचा, लाल दातांचा एक मासा ढिगाने उतरतो. हा मूळचा प्रवाळखडकांतला ट्रिगर फिश. त्याच्या पाठीवरचा काटा उभा राहिला की खिळीसारखा अडकतो आणि बळाने मिटत नाही. कातडी चामड्यासारखी. कर्नाटकच्या किनाऱ्यावर त्याला ‘कारगिल’ म्हणतात. १९९९च्या युद्धाच्या सुमारास तो जाळ्यांत भरभरून येऊ लागला म्हणून हे नाव पडले, असे अण्णा सांगतो. बराचसा माल मासळीच्या कुटीसाठी जातो. आपल्या ताटात त्याला अजून जागा नाही. एका सकाळी अण्णाकडे पेटीत चुकून एक आला होता. मी तो हातात घेतला. एवढासा मासा, पण काटा दाबून पाहिला तर बोट दुखले.

त्याच १९९९ साली, २६ मेला, बंगळूरच्या आणखी एका कामाची सुरुवात झाली. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून ओशनसॅट-१ हा उपग्रह अवकाशात गेला. तो बंगळूरच्या उपग्रह केंद्राने घडवला होता, जे आज यू. आर. राव यांच्या नावाने ओळखले जाते. समुद्राचा रंग वाचणे हे त्याचे मुख्य काम. पाणी किती हिरवे, त्यावरून त्यात सूक्ष्म वनस्पती किती, हे अवकाशातून कळू लागले. (त्याच दिवशी कारगिलमध्ये हवाई दलाची मोहीम सुरू झाली. तिचे नाव सफेद सागर.) २००९ साली दुसरा ओशनसॅट गेला, २०२२च्या नोव्हेंबरात तिसरा, आणि हा तिसरा पाण्याचे तापमानही मोजतो. अशा उपग्रहांच्या माहितीवरून हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे ते कळवते. म्हणजे ज्या शहराला समुद्र नाही, तिथे घडलेला डोळा तारलीचे कुरण पाहत असतो. बंगळूरकरांना या गोष्टीचा अभिमान वाटला पाहिजे असे मला मनापासून वाटते. आमच्या सोसायटीत रॉकेट उडताना सगळे टीव्हीपुढे बसतात, पण त्या डोळ्याला काय दिसते ते कोणी विचारत नाही.

त्याला दिसते ते बरे नाही. रॉक्सी कॉल आणि सहकाऱ्यांच्या हिशेबानुसार १९५० ते २०२० या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागर सुमारे १.२ अंशांनी तापला. सागरी उष्णतेच्या लाटांचे दिवस पूर्वी वर्षाला सरासरी वीस होते. शतकाच्या अखेरीस ते २२० ते २५० होतील असा अंदाज आहे, म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस समुद्र तापातच.

जगभरात मासे तापापासून पळत आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात असे दिसले की सागरी जीवांच्या वावराची पुढची कड दर दशकाला सरासरी ७२ किलोमीटर ध्रुवांकडे सरकते आहे. अटलांटिकमधला बांगडा आइसलँडच्या पाण्यात जाऊन पोहोचला, आणि त्यावरून युरोपातले देश कोटा कुणाचा म्हणून वर्षानुवर्षे भांडत राहिले. तिथल्या माशाला वर जायला जागा आहे. नॉर्वेच्या पुढे बॅरेंट्स समुद्र, त्याच्या पुढे बर्फ वितळून मोकळे होणारे पाणी.

आपल्या माशाचे तसे नाही, आणि या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट हीच. अरबी समुद्र वरून बंद आहे. डहाणूच्या वर सौराष्ट्र, मग कच्छ, मग मकरानचा किनारा, साधारण २५ अंशांवर आशिया खंडाची भिंत. अटलांटिक आणि प्रशांत महासागर दोन्ही ध्रुवांकडे उघडे आहेत. हिंदी महासागराला उत्तरेचे दारच नाही. खाली उतरावे तर तिथेही अडचण आहे. अरबी समुद्रात दीडशे-दोनशे मीटरच्या खाली हजार मीटरच्या पुढपर्यंत प्राणवायू अगदी कमी असलेला पाण्याचा प्रचंड थर आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी एक. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, आणि तापलेल्या माशाला तो जास्त लागतो. म्हणून खाली गेलेला बांगडा फार खाली जाऊ शकत नाही. वर भिंत, खाली गुदमर. तारलीने १४ अंश ओलांडले तेव्हा ती मोकळ्या मैदानात आली असे मी समजत होते. ती गल्लीत शिरली होती, आणि गल्ली पुढे बंद आहे.

आणि जे मागे सोडले, तिथे कोण येणार? समशीतोष्ण समुद्रातला मासा वर गेला की दक्षिणेचा मासा त्याची जागा घेतो. विषुववृत्ताच्या खालून मात्र आपल्याकडे यायला अधिक गरम पाण्याचा असा मासाच नाही, तिकडे याहून गरम समुद्र नाही. छाया चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८,६६१ सागरी प्रजातींच्या १९५५ ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या. पूर्वी असे धरले जाई की विषुववृत्ताजवळ प्रजाती सर्वांत जास्त. तिथे आता खळगा पडला आहे, आणि तो दर वीस वर्षांनी खोल होतो आहे.

वेंगुर्ल्याला मावशीच्या सासरी रापणीत वाटा आहे. गेल्या गणपतीत फोनवर मी तिला हे सगळे सांगत होते. अंश, अक्षांश, डायटम. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “गे बाय, तारली येता तेवा ढीगभर येता, भाव पडता, कोण घेणा नाय. नि दुसऱ्या वर्सा बघूक मेळणा नाय. तुजा शास्त्र खरा असात. पण आमी बोटीचा कर्ज खयच्या वर्साच्या हिशोबान काढूचा?”

मला उत्तर देता आले नाही. सरासरी शास्त्राला पुरते. घरखर्चाला ती पुरत नाही. २०१९ साली अरबी समुद्रात एकामागून एक वादळे झाली. महाराष्ट्रात त्या वर्षी २.०१ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. उत्तरेकडे सरकणाऱ्या माशाचा फायदा आपल्या किनाऱ्याला व्हायला हवा होता. पण तो पकडायला होडी समुद्रात जावी लागते, आणि वादळाच्या बावट्याखाली होडी धक्क्यालाच बांधलेली राहते. बंदीचे दिवस कोणते असावेत, विमा कशावर मिळावा, पिल्ले सुटावीत म्हणून जाळ्याची छिद्रे केवढी असावीत, हे सगळे नियम मासा जुन्या जागी राहतो असे गृहीत धरून लिहिलेले आहेत. मासा आता राज्याच्या हद्दी ओलांडतो. केरळ, कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र आणि गुजरात यांनी तारलीसाठी एकत्र बसायला हवे. नद्यांच्या पाण्यासाठी लवाद बसतात, तर चार-पाच राज्यांच्या ताटातल्या माशासाठी एक टेबल का नसावे?

मागच्या रविवारी रसेल मार्केटात गेले. बुताय होती, पण बोटभर. अण्णाने ती माझ्यासमोर धरलीच नाही. त्याने दुसरी पेटी पुढे ओढली आणि झाकण काढले. आत बांगडे, डोळे स्वच्छ, पाठीवरचे हिरवे पट्टे अजून ताजे. बर्फात तिरफळाचे तिखले डोळ्यांपुढे आले. मी विचारले, “मल्प्याचे?” त्याने नकारार्थी मान हलवली. झाकण उलटे करून दाखवले. त्यावर निळ्या स्केचपेनने काहीतरी लिहिलेले होते, शिरोरेघ नसलेली अक्षरे. लावून वाचायला मला क्षणभर लागला.

वेरावळ.

“हल्ली तिकडून पण येतात,” अण्णा म्हणाला. २१ अंश, मी मनात म्हटले. तिथून पुढे कच्छ. त्याने तराजूत चार बांगडे टाकले आणि विचारले, “कापून देऊ का, अक्का, की तशेच?”